दह्यातला जंतू प्लेटवर: लॅबमधला पहिला आठवडा

मे महिन्यात वडोदऱ्यातल्या लॅबमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मुलांना माझी पहिली सूचना असते: पंखे बंद करा. बाहेर पारा बेचाळीसच्या आसपास, आत ओळीने पेटलेले बर्नर, आणि या बाई पंखे बंद करायला सांगतात. चेहरे बघण्यासारखे होतात. पण पंखा फिरला की खोलीतली धूळ उठते, धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू आणि जिवाणू उठतात, आणि उघड्या प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीवर, त्यातला एक जरी उतरला तरी दोन दिवसांनी तिथे ठिपका दिसतो. तुम्ही त्याला दह्यातला जिवाणू समजता, वहीत त्याचं सुबक चित्र काढता आणि तोंडी परीक्षेत फजिती होते.

या लॅबमध्ये हातानं करायची जितकी कामं आहेत ती जवळजवळ सगळी एकाच प्रश्नापायी: प्लेटवर जे उगवलं ते आलं कुठून? नमुन्यातून, हवेतून, की माझ्याच बोटांवरून? हे ठामपणे सांगता आलं तरच पुढे ओळख पटवण्यात अर्थ. मी इथल्याच दांडिया बाजारात वाढले. आजी लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू देत नसे, विरजणाचा चमचा वेगळा ठेवायची, आणि मला तो सगळा जाच वाटायचा. लॅबमधलं असेप्टिक टेक्निक, परका जंतू शिरू न देता काम करायची रीत, म्हणजे तसलंच सोवळं. फक्त इथल्या सोवळ्यात प्रत्येक गोष्टीचं कारण विचारता येतं, आणि विचारावंही.

वाढवायचं काय, आणि काय अजिबात नाही

सुरुवात दोन गोष्टींनी करा. एक, घरचं दही. दुसरी, बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जिवाणूचं शुद्ध कल्चर, म्हणजे फक्त तोच जिवाणू वाढवलेला नमुना. चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएमसारख्या संग्रहांतून संस्था अशी कल्चर मागवतात; तुमच्या विभागाच्या फ्रिजमध्ये बहुधा असेलच. दह्यातलं काय निघेल ते शोधायचं आणि बॅसिलस ताडून बघायला बाजूला ठेवायचा.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “बाई, विश्वामित्री नदीचं पाणी आणू?” नाही. मगरींमुळे नाही, त्या आपापल्या जागी ठीक आहेत. सांडपाणी, नाकातला स्वॅब, जखमेचा पू, शौचालयाच्या कडीवरचा पुसा यांत रोग पसरवणारे जिवाणू असू शकतात. पाण्याच्या थेंबात ते चार-दोन असतील; प्लेटवर एका रात्रीत त्यांचे कोट्यवधी होतात आणि ते कोट्यवधी तुमच्या नाकासमोर असतात. असल्या नमुन्यांसाठी वेगळ्या सोयींची लॅब आणि सरावलेला हात लागतो. आणि हे प्रयोग घरच्या ओट्यावर करायचे नाहीत, चित्रफीत बघून तर नाहीच.

बाकी नियम थोडक्यात. सुती कोट, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी कोटाच्या आत. लॅबमध्ये खाणं-पिणं नाही, पेनचं टोक तोंडात नाही, फोन बाकावर नाही. आमच्या वेळी पिपेटच्या टोकाला कापूस घालून तोंडानं ओढत असत. ते आता पूर्ण बंद, रबरी फुगा किंवा मायक्रोपिपेट वापरा. हातमोज्यांवर फार विसंबू नका. मोजे घातले की मुलांना वाटतं हात आपोआप स्वच्छ झाले, मग त्याच हातांनी दाराची कडी, चष्मा, सगळीकडे फिरतात. शिवाय ज्योतीजवळ मोजा वितळून कातडीला चिकटतो. या निरुपद्रवी जिवाणूंच्या कामात आधी आणि नंतर साबणानं धुतलेले हात जास्त उपयोगी.

बाक ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. शंभर टक्के असेल तर अजून चांगलं, असं वाटतं ना? तसं नाही. जिवाणूतली प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलला पाण्याची जोड लागते, आणि शुद्ध अल्कोहोल उडूनही लवकर जातं. मात्र पुसलेला बाक पूर्ण वाळल्याशिवाय काडी ओढू नका.

सोमवार: मीडिया

जिवाणूंचं जेवण म्हणजे मीडियम. बोलताना सगळे एकालाही मीडियाच म्हणतात, चालतं. न्यूट्रिएंट अगारचं प्रमाण पाठच करून टाका: एक लिटर पाण्यात पेप्टोन ५ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम. एकूण २८. तयार पावडरच्या डब्यावरही बहुतेक वेळा हाच आकडा दिसेल. दहा प्लेट्सना साधारण २०० मिलिलिटर लागतं, म्हणजे ५.६ ग्रॅम पावडर, तीही ५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये. भांडं निम्म्याहून जास्त भरलं की आत उकळून बुचाला लागतं. दह्यासाठी वेगळं मीडियम घ्या, एमआरएस अगार. डे मान, रोगोसा आणि शार्प या तिघांनी ते १९६० मध्ये लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्या जिवाणूंसाठी बनवलं, त्यांच्याच आद्याक्षरांचं नाव. त्याचं प्रमाण डब्यावर असतं.

अगार म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून काढलेलं. ते लॅबमध्ये आलंही स्वयंपाकघरातूनच. १८८१ च्या सुमारास रॉबर्ट कॉखच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत. ते गरमीत पातळ व्हायचं, काही जिवाणू तर ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसेच्या बायकोनं, फॅनी अँजेलिनानं, आपण मुरांब्याला आणि जेलीला वापरतो ते अगार घालून बघा असं सुचवलं. तिला ते जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून कळलं होतं. जिलेटिन पंचवीस अंशांच्या पुढे सैल पडायला लागतं; वडोदऱ्यात त्याचं मार्च ते जून पाणीच राहिलं असतं. अगार मात्र वितळायला ८५ च्या पुढे तापवावं लागतं, आणि एकदा पातळ झालं की चाळिशीच्या खाली आल्याशिवाय गोठत नाही. हा मधला पट्टा पुढे प्लेट ओतताना कामी येतो.

पावडर पाण्यात ढवळून अगार पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, आणि डोळा चुकवू नका. दुधासारखंच ऊतू जातं. मग तोंडाला कापसाचं बूच. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस नको, तो पाणी शोषतो, आणि ओल्या बुचातून जिवाणू आत शिरतात. गादीत असतो तसा, न शोषणारा कापूस घ्या. वर कागद, त्यावर दोरा.

ऑटोक्लेव्ह

हा मोठा कुकरच आहे. दर चौरस इंचाला १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस, १५ ते २० मिनिटं. नुसतं उकळून का भागत नाही? कारण बॅसिलससारखे काही जिवाणू अडचणीच्या वेळी स्वतःभोवती कवच बांधतात आणि बीजाणू होऊन बसतात. शंभर अंशांतही ते तग धरतात. रात्रीचा भात बाहेर राहिला तर सकाळी तो पोट बिघडवू शकतो, त्यामागे बॅसिलस सेरियसचे असेच बीजाणू असतात. शिजताना मेले नाहीत ते रात्रभरात जागे झाले.

क्रम असा. तळाशी पाणी किती आहे ते बघा. रोज बघा, काल दुसऱ्यानं वापरलाय हे लक्षात ठेवून बघा. हीटिंग कॉइल उघडी पडली तर जळते. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे जोडीनं आवळा. वाफेची तोटी उघडी ठेवून सुरू करा आणि वाफ सलग, जोरात यायला लागल्यावर आणखी चार-पाच मिनिटांनी ती बंद करा. इथे घाई झाली तर आत हवा अडकते. दाबाचा काटा १५ दाखवतो, पण आतलं तापमान १२१ पर्यंत पोचत नाही. वेळ मोजायची ती काटा जागेवर आल्यापासून, बटण दाबल्यापासून नाही. फ्लास्कवर चिकटवलेल्या ऑटोक्लेव्ह टेपच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे सगळं निर्जंतुक झालं, असंही नाही. ती पट्टी उष्णता लागली इतकंच सांगते.

वेळ संपली की बंद करा आणि हात मागे ठेवा. काटा शून्यावर आपोआप येऊ द्या. मी दुसऱ्या वर्षाला असताना मला घाई होती, खाली गाडीवर मैत्रिणी शेव-उसळ खायला थांबल्या होत्या. काटा तीनवर असताना मी तोटी मोकळी केली. आत दाब एकदम उतरला आणि लिटरभर अगार सगळ्या फ्लास्कांतून उसळून बुचांतून बाहेर आलं. शेव-उसळ राहिली ती राहिलीच, वर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऑटोक्लेव्हच्या तळाचं गोठलेलं अगार चमच्यानं खरवडत होते. झाकण उघडलं असतं तर हात भाजला असता.

प्लेट ओतणं

पेट्रीची प्लेट हे नाव जूलियस रिचर्ड पेट्रीचं, १८८७ चं. त्यानं केलं ते इतकंच, की बशीला जरा मोठी बशी झाकण म्हणून घातली. त्याआधी काचेच्या पट्ट्यांवर मीडियम ओतून त्या काचेच्या हंडीखाली झाकत बसावं लागे.

ओतायची वेळ कशी ओळखायची? फ्लास्क ४५ ते ५० अंशांवर यायला हवा. उघड्या हातात धरवतो पण सुखाचं वाटत नाही, ती वेळ. आजी दूध विरजताना करंगळी बुडवायची. तुम्ही आत बोट घालू नका, बाहेरूनच अंदाज घ्या. जास्त गरम ओतलं तर झाकणाला घाम सुटतो आणि ते पाणी प्लेटवर गळतं. जास्त थंड झालं तर ओतता ओतता गुठळ्या.

प्लेट्सच्या तळाला, झाकणाला नाही, आधीच नाव-तारीख लिहून घ्या. झाकणं अदलाबदल होतात, तळ होत नाहीत. बर्नर पेटवा आणि त्याच्या वीतभर परिसरात काम करा. ज्योतीमुळे गरम हवा वर जाते, त्यामुळे वरून धूळ पडण्याची शक्यता कमी होते. उजव्या हातात फ्लास्क, त्याच हाताच्या करंगळीत बूच. बूच बाकावर ठेवायचं नाही, हा सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. फ्लास्कचं तोंड ज्योतीतून फिरवा, डाव्या हातानं झाकण एका बाजूनं जेमतेम उचला, १५ ते २० मिलिलिटर ओता, झाका, प्लेट बाकावरच हलकेच गोल फिरवा. मग ती प्लेट गोठेपर्यंत हलवू नका. मे महिन्यात हे गोठणं अंत पाहतं. पंखा लावण्याचा मोह तेव्हाच होतो.

प्लेट्स रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक उबेच्या कपाटात, उलट्या ठेवा. पृष्ठभाग वाळतो, आणि ज्यात आधीच काही शिरलं असेल ते सकाळी दिसतं. अशी प्लेट काढून टाका. “कोपऱ्यात एकच तर आहे, चालशे” असं मुलं म्हणतात. बाजारात चालशे, इथे नाही.

दोन प्लेट्स मात्र मुद्दाम बाजूला ठेवा. एकीला काहीच लावायचं नाही, शेवटपर्यंत तशीच. दुसरीचं झाकण पंधरा मिनिटं उघडं ठेवून तुमच्या बाकावरची हवा पकडा. हौस असेल तर हेच एकदा पंखा बंद आणि एकदा चालू ठेवून करा. पुढच्या वर्षी नव्या मुलांना सांगताना तुमच्याकडे स्वतःचे आकडे असतील.

मंगळवार: दही पातळ करणं, आणि रेघोट्या

एक ग्रॅम दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. तसंच प्लेटवर फासलं तर गालिचा उगवेल, काही मोजता येणार नाही. म्हणून पातळ करत जायचं. ०.८५ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी, प्रत्येक नळीत ९ मिलिलिटर. पहिल्या नळीत १ ग्रॅम दही घालून चांगलं हलवा. त्यातलं १ मिलिलिटर दुसरीत, दुसरीतलं तिसरीत, असं सातव्या नळीपर्यंत. प्रत्येक वेळी दहापट पातळ, आणि प्रत्येक वेळी नवी पिपेट. जुनीच वापरली तर मागच्या नळीतले जिवाणू पुढे जातात आणि सगळं गणित कोसळतं.

पाचव्या, सहाव्या आणि सातव्या नळीतलं ०.१ मिलिलिटर एमआरएसच्या प्लेटवर टाकून काचेच्या वाकड्या कांडीनं पसरा. कांडी अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीतून काढायची असते. अल्कोहोलचा बीकर बर्नरपासून हातभर लांब ठेवा आणि पेटती कांडी खाली तिरकी धरा, वर नाही, नाहीतर पेटता थेंब हातावर ओघळतो. बीकर पेटलाच तर फुंकर मारू नका, काचेची बशी झाका.

प्लेटवर जिवाणूंचा जो ठिपका उगवतो ती वसाहत. मोजायची ती ३० ते ३०० वसाहतींची प्लेट. समजा सहाव्या नळीच्या प्लेटवर ६४ मोजल्या. टाकलं होतं ०.१ मिलिलिटर, म्हणून दहानं गुणा: ६४०. नळी दहा लाखपट पातळ होती, म्हणून आणखी दहा लाखांनी: एका ग्रॅममध्ये ६४ कोटी. वाटीभर दही खाताना हे आठवलं तर खाणं थांबवू नका.

आता स्ट्रीकिंग, म्हणजे लूपनं (टोकाला कडी असलेल्या तारेनं) प्लेटवर रेघा ओढणं, ज्यात नव्या माणसाचे हात उघडे पडतात. हेतू एकच: लूपवरचे जिवाणू विरळ करत न्यायचे, इतके की शेवटी एकेकटा पडेल आणि त्या एकट्यापासून स्वतंत्र वसाहत होईल. बॅसिलसच्या कल्चरवर सराव करा.

नायक्रोमची लूप ज्योतीत जवळजवळ उभी धरून लालबुंद करा. आधी आतल्या निळ्या भागाजवळ, मग वर. ओली लूप एकदम तापवली तर जिवाणूंसकट तडतडून उडते. दहा सेकंद थांबा. गार झाली का हे बघायला अगारच्या कडेला टेकवा, चर्र झालं तर अजून थांबा. किंचित कल्चर घ्या, दिसेल न दिसेल इतकं. प्लेटच्या एका कोपऱ्यात पाच-सहा जवळजवळच्या रेघा. लूप पुन्हा लाल करा, गार करा. प्लेट पाव वळवा. पहिल्या रेघांतून दोन-तीनदाच लूप ओढून दुसऱ्या कोपऱ्यात पसरा. पुन्हा जाळा, वळवा, ओढा. चौथ्या भागात सैल नागमोडी रेघ, आणि तिनं पहिल्या भागाला शिवायचं नाही.

हात रांगोळीच्या शेवटच्या ठिपक्यासारखा हलका हवा. नवी मुलं अगार नांगरतात. चर पडले की जिवाणू त्यातच वाढतात आणि वसाहत सुटी होत नाही. दुसरी चूक म्हणजे मधे लूप न जाळणं. मग चारही भाग सारखेच दाट दिसतात. पहिल्या दहा प्लेट्स सगळ्यांच्याच वाईट येतात, माझ्याही आल्या होत्या. अकराव्या-बाराव्याला हात वळतो.

इन्क्युबेटर

प्लेट्स उलट्या, ३७ अंशांवर. बॅसिलसला २४ तास, दह्याच्या प्लेट्सना ४८. दह्यातल्या जिवाणूंना प्राणवायू कमी आवडतो, म्हणून त्या काचेच्या मोठ्या बरणीत ठेवून, प्लेट्सपासून लांब एक छोटी मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावा. मेणबत्ती विझली की झालं.

आपल्या गावची एक खास अडचण कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. साध्या इन्क्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो. खोलीच चाळिशीला पोचली तर तो ३७ पर्यंत खाली येणार कसा? मुलं डायल फिरवत बसतात आणि बिचारा हीटर केव्हाचा बंदच असतो. मे महिन्यात एसीच्या खोलीतला किंवा गार करू शकणारा बीओडी इन्क्युबेटर वापरा, आणि डायलवर विश्वास न ठेवता आत थर्मामीटर ठेवा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: हवेतल्या ओलीनं इन्क्युबेटरच्या कडेला बुरशी धरते, आठवड्याला एकदा अल्कोहोलनं पुसा. आणि उत्तरायणाच्या आदल्या दिवशी कुणीही नव्या प्लेट्स लावू नयेत. पतंग, उंधियो, दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण, मग रविवार. चौथ्या दिवशी परत याल तेव्हा प्लेटवर शेत माजलेलं असतं. नवरात्रातही तेच, गरब्याला रात्री जागलेला माणूस सकाळी आठला प्लेट काढायला येत नाही.

बुधवार-गुरुवार: नुसत्या डोळ्यांनी

झाकण न उघडता, तळाकडून उजेडात बघा. वसाहतीचा आकार, कड, उंची, रंग, चमक लिहून ठेवा. बॅसिलसची वसाहत कोरडी, निस्तेज, बऱ्याचदा सुरकुतलेली, कड वेडीवाकडी. एमआरएसवरच्या दह्याच्या वसाहती लहान, मलईच्या रंगाच्या, गुळगुळीत. कापसासारखं पिंजलेलं, हिरवं किंवा काळं दिसलं तर ती बुरशी. ती प्लेट उघडूच नका, टेप लावून थेट ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाका. आता तुमच्या दोन बाजूच्या प्लेट्स काढा. कोऱ्या प्लेटवर काही उगवलं असेल तर गडबड मीडियात आहे. हवेच्या प्लेटवर जे आहे तेच दह्याच्या प्लेटवरही दिसत असेल, तर ते दह्यातलं म्हणू नका.

प्लेट नाकाशी नेऊन हुंगायची नाही. जुने लोक वासावरून ओळखायचे हे खरं, पण ती सवय लावून घेऊ नका.

एक सुटी वसाहत निवडा, ती नव्या प्लेटवर स्ट्रीक करा, आणि तिथून पुन्हा एकदा. दोन्ही वेळा सगळ्या वसाहती एकसारख्या आल्या तरच तिला शुद्ध म्हणायचं. आठवडा इथे थोडा लांबतो, लांबू द्या.

ग्रामचा रंग

हान्स क्रिश्चियन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजही जिवाणू ओळखताना पहिलं पाऊल हेच. काही जिवाणूंची भिंत जाड, त्यात जांभळा रंग अडकून बसतो. हे ग्राम पॉझिटिव्ह. काहींची पातळ, बाहेरून मेदाचा पापुद्रा; अल्कोहोलनं तो पापुद्रा विरघळतो आणि रंग वाहून जातो. हे ग्राम निगेटिव्ह.

स्वच्छ स्लाइडवर पाण्याचा छोटा थेंब, त्यात १८ ते २४ तासांच्या वसाहतीचा सुईच्या टोकाइतका अंश. जुनं कल्चर घेऊ नका. म्हाताऱ्या बॅसिलसची भिंत ढिली पडते आणि तो निगेटिव्हसारखा गुलाबी दिसून चकवतो. पसरलेला स्मिअर इतका पातळ हवा की वाळल्यावर त्यातून छापील मजकूर वाचता यावा. हवेत वाळू द्या, मग दोन-तीनदा ज्योतीवरून झटकन फिरवा. हाताच्या पाठीला स्लाइड कोमट लागली पाहिजे, चटका नाही. जास्त भाजलं तर पेशी वेड्यावाकड्या होतात.

मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी. ग्रामचं आयोडीन एक मिनिट, पाणी. आता ९५ टक्के अल्कोहोल. सगळा खेळ इथे आहे. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडा आणि खाली वाहणाऱ्या थेंबाकडे बघा. जांभळं वाहणं थांबलं की त्याच क्षणी पाणी. दहा ते वीस सेकंद. पाच सेकंद कमी पडले तर सगळंच जांभळं, पाच जास्त झाले तर सगळंच गुलाबी. शेवटी सॅफ्रॅनिन ३० ते ६० सेकंद, पाणी, टिपकागद.

त्याच स्लाइडवर एका बाजूला बॅसिलस आणि दुसऱ्या बाजूला विभागातलं ई. कोलायचं सुरक्षित शिकवणीचं कल्चर लावा. बॅसिलस जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी आला नाही, तर मधल्या अनोळखीबद्दल एक अक्षर बोलू नका. तेलाच्या शंभराच्या भिंगाखाली, दहाच्या आयपीसनं हजारपट मोठं दिसतं. काम झाल्यावर भिंग लेन्सपेपरनं पुसा, कोटाच्या बाहीनं नाही.

दह्यात लांबट जांभळ्या कांड्या दिसतील, बहुधा जांभळ्या गोळ्यांच्या साखळ्याही. मधेच अंड्याच्या आकाराचं भलंमोठं जांभळं काही दिसलं तर ओरडत येऊ नका, ते यीस्ट आहे. घरच्या दह्यात असतंच, आंबट जुन्या दह्यात जास्त.

नाव ठेवण्याआधी

कॅटलेज ही सगळ्यात झटपट चाचणी. स्लाइडवर थोडी वसाहत, त्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. बुडबुडे आले की पॉझिटिव्ह. वसाहत लाकडी टूथपिकनं घ्या. नायक्रोमच्या तारेत लोह असलं तर ती स्वतःच बुडबुडे काढते. बॅसिलस फसफसेल, लॅक्टोबॅसिलस गप्प राहील. बीजाणू बघायचे असतील तर मॅलाकाइट ग्रीनचा रंग. बॅसिलसच्या गुलाबी कांडीत हिरवा मणी दिसतो, आणि पहिल्यांदा तो दिसला की मुलं एकमेकांना बोलावून दाखवतात. इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी आणि सायट्रेट या चौकडीची पाळी ग्राम निगेटिव्ह कांड्यांत येते. दह्यापुरती तिची गरज नाही.

जांभळी कांडी, कॅटलेज निगेटिव्ह, बीजाणू नाहीत, एमआरएसवर वाढली. आता वहीत काय लिहाल? “लॅक्टोबॅसिलस गटातला असण्याची दाट शक्यता.” एवढंच. जाती-प्रजातीपर्यंत जायला साखरांच्या आंबवण्याच्या चाचण्या आणि शेवटी १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम लागतो. शिवाय २०२० मध्ये या लॅक्टोबॅसिलसचीच २५ वंशांत फेरमांडणी झाली. लॅक्टोबॅसिलस केसी आता लॅक्टिकेसीबॅसिलस केसी. सीनियरच्या वहीतून नावं उतरवलीत तर हमखास पकडले जाल.

आवराआवर

वापरलेल्या प्लेट्स, नळ्या, टिप्स आधी ऑटोक्लेव्हमध्ये, मगच कचऱ्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा पिवळ्या, ऑटोक्लेव्ह चालणाऱ्या पिशवीत. स्लाइड्स १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, रोज ताजं केलेल्या. शिळ्या द्रावणाचा जोर जातो. हायपोक्लोराइट घातलेलं भांडं ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन निघतो. कल्चर सांडलं तर लपवू नका. वर कागद झाका, बाहेरून आत असं हायपोक्लोराइट ओता, वीस-तीस मिनिटं थांबा, फुटकी काच चिमट्यानं उचला, बोटांनी नाही.

शुद्ध कल्चर ठेवायचं असेल तर तिरप्या अगारच्या नळीत, म्हणजे स्लँटवर, वाढवून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि साधारण महिन्यानं नव्या स्लँटवर घ्या. त्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली किंवा डबा दिसला तर तो थेट माझ्या टेबलावर येतो. नळीवर चार गोष्टी: जिवाणू, मीडियम, तारीख, तुमची आद्याक्षरं. कागदी टेपवर, पेन्सिलीनं. पेनाची शाई फ्रिजच्या दमटपणात आठवड्यात पसरते. दर शनिवारी मी फ्रिज उघडते. ज्या नळीवर तारीख नाही ती कुणाची, हे मी विचारत बसत नाही. ती पिवळ्या पिशवीत जाते.